लाईट खंय गेली?

अबोलीनं विचारलं तेव्हा
फ्यूजची तार माझ्या दातात होती,
बोलता येत नव्हतं.
मग तिचं तिनंच ठरवून टाकलं:
लाईट गेली ती वाड्याला गेली, मावशीकडे.
संध्याकाळचे सात वाजले की
तिला घावन्यांची आठवण येते.

तिचं तरी काय चुकलं?
आपणच म्हणतो, लाईट गेली, लाईट आली,
शेजारीण जावी-यावी तसं.
अठरा वर्षं मी या भागात वायरमन.
पडेल तिठ्यापासून गिर्ये बंदरापर्यंत
खांब मला नंबरांनी पाठ.
पण तिला पाय आहेत, रुसवे आहेत, मावशी आहे,
हे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

आता रोज नवं कळतं.
दोन खांबांमध्ये तार झोळ खाते
ती तिथं टेकते म्हणून.
मी म्हटलं, अगो, उन्हानं तार सैल होते.
"मगे? उन्हात दमतलीच मां!"
यावर सेक्शन ऑफिसात कुणाकडे उत्तर नाही.
डीम झाली म्हणजे वाटेत रडली.
ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो ते पाढे;
तिला सतराचा येत नाही.
(अबोलीलाही येत नाही.)

हिचा हंगाम बागेत जातो, पेट्या भरण्यात.
केसांत भाताचं काड घेऊन घरी येते,
आमचं ऐकते,
आणि बापाला जास्त झालंय म्हणते.

झालंय थोडं.
परवा सड्यावर, बेचाळीस नंबरच्या खांबाशी,
सबस्टेशनला फोन लावून परमिट घेतलं,
लाईन बंद झाल्याचं ऐकलं,
टेस्टरनं बघितलं, अर्थिंग टाकलं,
सगळं रोजच्यासारखं.
पण पहिल्यांदाच वाटलं,
मी हे तिला विचारतोय.
बाई, जरा थांब, मला वर येऊ दे.
ज्यानं एकदा विचारलं नाही
त्याचं नाव मी घरात घेत नाही.
खांबावरून खाली खाडी दिसत होती,
एक होडी आपल्याच सावलीवर बसलेली.
मला घाई नव्हती.

त्या रात्री वटवाघळानं तिर्लोटची लाईन पाडली.
ते सापडायला दीड वाजला.
घरी आलो तर ओट्यावर वाटी,
वाटीत एक रव्याचा लाडू,
खाली पाटीवर खडूनं: लाईटसाठी. चालून चालून भूक लागते.
मी काळोखात हात धुतले
आणि अर्धा खाल्ला.
अर्धाच. तिचा होता.
सकाळी अबोलीनं वाटी पाहिली,
जराही दचकली नाही.
"ती थोडोच खाता. घाई असता तिका."

पगार तोच आहे, शिडी तीच,
एक पायरी अजून ढिली.
लोकांचे फोनही तेच, शिव्या त्याच.
फक्त कालचं सांगतो.
रात्रीचे नऊ. मी खांबावर, जंपर जोडत.
जोईल गुरुजींचा तिसरा फोन.
वय ऐंशी, बातम्या चुकलेल्या,
आवाज तापलेला:
"कधी येतली रे ती?"
तोंडातून गेलं,
"निघाली हा, गुरुजी. तिठ्यार पोचली."
पलीकडे गप्प.
मला वाटलं आता तक्रार जाणार वरपर्यंत.
मग घसा खाकरल्याचा आवाज,
आणि हळूच,
"तिका सांग, सावकाश ये म्हणान.
सड्यार काळोख आसा."

मी सांगितलं.
मग नट आवळला.